हेझिटेट, एक वार

"बाई, या शब्दाला गिऱ्हाईक कोण?"

आमच्या तळमजल्यावरचे शेठ कुठलाही नवा इंग्रजी शब्द ऐकला की आधी हे विचारायचे. अर्थ नंतर. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता आणि वर मोठे कांदे लावून खाली बारकी चिंगळी भरलेल्या गोण्या उपसण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यामुळे शब्दावरही त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. मी सांगितलेला अर्थ ते मान डोलावून ऐकत आणि लगेच विचारत, "हे झालं वरचं. खाली काय हाय?" खाली म्हणजे तो शब्द कुणी, कुणाला, कुठं म्हणायचा, आणि कुठं म्हटला तर मार बसेल.

मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. असा विद्यार्थी मला नोकरीत एकही मिळाला नव्हता, आणि मिळाला नाही ते बरंच झालं, कारण पोर्शन कधीच पुरा झाला नसता.

तुमच्याही इमारतीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्यांना हळू बोलता येतच नाही. शेठ पहाटे लिलाव पुकारायचे आणि दुपारी घरी येऊन त्याच आवाजात मीठ मागायचे. आमच्या बिबवेवाडीच्या इमारतीत त्यांनी तळमजल्यावर "वरण वाढ" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावर मला भूक लागायची. शिवाय पुकारायची सवय अशी अंगात मुरलेली, की महत्त्वाची गोष्ट ते तीनदाच म्हणत. एक वार, दोन वार, तीन वार. त्याशिवाय सौदा पक्का झाला असं त्यांना वाटतच नसे.

एका दुपारी ते माझ्याकडे आले आणि चक्क दाराची बेल वाजवून थांबले. एरवी ते जिन्यातूनच हाक मारत.

"बाई, 'संकोच करू नकोस'ला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

प्रकरण असं होतं. त्यांच्या मुलानं ऑफिसातल्याच एका मुलीशी लग्न ठरवलं होतं. मुलगी आसामची. रविवारी पहिल्यांदा घरी येणार होती. मुलानं सांगून ठेवलं होतं, की ती फार लाजरी आहे, तिला इथं मोकळं वाटलं तर लग्नानंतर दोघं इथंच राहतील, नाहीतर बाणेरला फ्लॅट बघतील. शेठना एकच मुलगा.

"पण तिला हिंदी येत असेल की," मी म्हटलं.

"तिला येतंय. माझंच अवघड हाय. माझी हिंदी सगळी ट्रकवाल्यांकडनं आलीय. शिवीबिगर वाक्य पुरं होत न्हाई."

मी 'हेझिटेट' हा शब्द दिला. 'डोन्ट हेझिटेट' म्हणजे संकोच करू नकोस. पाहुण्याला म्हणायचं, नव्या माणसाला म्हणायचं, प्रेमानं म्हणायचं. शेठनी गिऱ्हाईक तपासलं, खालचा माल तपासला आणि शब्द घेऊन गेले.

मग चार दिवस मार्केट यार्डात त्याची चाचणी झाली. हमालांनी दुसरा चहा घेताना, शेतकऱ्यानं भाव विचारताना, शेठ पुकारत राहिले. एक टेम्पोवाला गाडी मागं घेताना घुटमळत होता. शेठनी त्याला तीनदा डोन्ट हेझिटेट केलं. त्यानं बेधडक गाडी मागं घेतली, ती थेट चहावाल्याच्या बाकड्यावर.

"शब्द चालतो, बाई," शेठ संध्याकाळी समाधानानं म्हणाले. "टेम्पो थांबंना, एवढंच."

रविवारी मलाही बोलावणं होतं. शब्द माझ्या दुकानातला, तेव्हा काही बिनसलं तर मी समोर असावं, असा त्यांचा हिशेब असणार. मुलगी सोफ्याच्या अगदी कडेवर बसली होती. वहिनींनी, म्हणजे शेठच्या बायकोनं, बेसनाचे लाडू आणि चिवडा पुढे ठेवला. शेठ इस्त्रीच्या शर्टात घामाघूम होऊन गप्प बसले होते. इतके गप्प, की मुलानं दोनदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

मुलीनं लाजत लाजत लाडवाकडे हात नेला. लाडू उचलला. शेठना वाटलं, हीच वेळ. ते ताडकन उठले, हात वर गेला, आणि आवाज सुटला.

"डोन्ट हेझिटेट! डोन्ट हेझिटेट! डोन्ट हेझिटेट!"

मुलीनं लाडू परत ताटलीत ठेवला आणि ती उभी राहिली. "सॉरी, अंकल," ती म्हणाली. मुलानं कपाळाला हात लावला. वहिनी म्हणाल्या, "अहो, पोर घाबरली ना! आता दोन गोणी कांदेपण विकून टाका हिथंच!"

शेठ माझ्याकडे वळले. चेहरा पार उतरला होता. "बाई, अर्थ चुकला का हो?"

"अर्थ बरोबर आहे. आवाज जरा हळू."

"हळूचा आवाज माझ्याकडं न्हाई हो," ते म्हणाले, आणि हेसुद्धा खिडकीतून रस्त्यावर गेलं असणार.

मला त्या माणसाची फार दया आली. मुलगी अजून उभीच होती. शेठच्या लिलावाबद्दल मुलानं तिला सांगितलेलं असणार. तिनं वर गेलेला तो हात पाहिला, मग ताटलीकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "अंकल, लड्डू किसको गया?"

शेठना उमगायला क्षणभर लागला. मग त्यांनी अख्खी ताटली उचलून तिच्या हातात दिली. "तुमको गया! सब तुमको गया!" एकही शिवी न घालता वाक्य पुरं झालं. मुलगी इतकी हसली, की तिला ठसका लागून वहिनींना पाणी आणायला धावावं लागलं.

बाणेरचा विषय पुन्हा निघाला नाही; लग्नानंतर दोघं तळमजल्यावरच राहिली. सुट्टीच्या दिवशी ती गाळ्यावर जाऊन त्यांच्याशेजारी बसायची. मराठी ती त्यांच्याकडूनच शिकली, त्यामुळे मराठी म्हणजे अशीच बोलतात, असा तिचा समज झाला. इंग्रजी ती कुजबुजत बोले. मराठीत भाजीवाल्याला हाक मारली, की चौकातली रिक्षा थांबे.

मागच्या वर्षी शेठ गेले. आजार चार-सहा दिवसांचाच. आठवडा झाला तरी माझी त्यांच्या घरात जायची हिंमत होईना. एकदा खाली उतरले आणि बंद दारापुढे नुसती उभी राहिले. काय बोलावं ते ना मराठीत सुचत होतं, ना इंग्रजीत.

दार तिनंच उघडलं.

"बाई, दारात काय उभ्या? आत या की!" जिना दणाणला. तिनं माझा हात धरून मला शेठच्या खुर्चीत बसवलं आणि तेवढ्याच मोठ्यानं आत सांगितलं, "आई, बाई आल्यात! चहा टाका!"

मग ती माझ्या पायाशी बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ रडली. रडताना मात्र तिचा जरासुद्धा आवाज आला नाही.