पेंटमध्ये दिसलेली आई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि आता सांगतेय ते रडायला खांदा हवा म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवते. राग आला तर येऊ द्या.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला आमचा फोटो स्टुडिओ होता. सासऱ्यांचा. सन दोन हजारच्या सुमारास त्यांनी कंप्युटर घेतला आणि तो शिकले मी. लग्नाच्या कॅसेटवरून सीडी करायची, त्यावर गाणी चढवायची — सगळं मी. सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. ‘एक गिऱ्हाईक बोंबलत आलं ना, तर मंग दुकानाची पायरी चढायची न्हाई,’ असं त्यांनी चारचौघांत बजावलं होतं. ते गिऱ्हाईक कधी येतं, याची अख्खी गल्ली वाट बघत होती. मग मी चुकायचं कसं? तुम्हीच सांगा.

शोभा बदनापूरकडच्या खेड्यातून आली. तिची आई गेली होती. तेरवीला हार घालायला फोटो नव्हता; मतदान कार्डावरचा मोठा केला तर तो कुणाचाही वाटत होता. पण भावाच्या लग्नाच्या सीडीत आई होती — वरमाई म्हणून नटलेली, चक्क हसत असलेली. सीडी आमच्याच दुकानातली. मूळ कॅसेटवर आम्ही केव्हाच दुसरी लग्नं घेतली होती. धंद्यात सगळेच घेतात. म्हणजे आई उरली होती ती त्या एका सीडीत.

शोभाला बाहेरच्या बाकावर बसवून मी सीडी लावली. मधल्या भोकापाशी बारीक चीर होती, पण चालली. आई हसली तिथं थांबवली, पडद्याचं चित्र घ्यायचं बटण दाबलं, कंप्युटरातल्या पेंट नावाच्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये चिकटवलं — आणि आली की आई! सेव्ह केलं. काय फुगले होते मी! आता बघा म्हणावं सासऱ्यांना.

त्याच तोऱ्यात व्हिडिओ बंद केला. सीडी ट्रेमध्ये जराशी अडकली, मी ओढली. कट्‌कन चीर थेट कडेपर्यंत गेली. गेली तर गेली, फोटो निघालाय ना?

मग प्रिंट काढायला फोटो उघडला. नुसती काळी चौकट.

कारण पुढं कळलं. चालत्या व्हिडिओचं चित्र तसं निघतच नाही, काळं येतं. पण मागे व्हिडिओ उघडा असेपर्यंत त्या काळ्यातून तोच दिसत राहतो, आणि आपल्याला वाटतं, फोटो आला. मी पाहिलेली आई फोटोत कधी नव्हतीच.

बाहेर शोभा. गल्ल्यावर सासरे. आणि मी — मी ती फुटकी सीडी घेऊन बाहेर गेले आणि आवाज चढवून म्हणाले, ‘अशी आणतात का सीडी? पिशवीत डब्याखाली दाबून? तुटलेलीच आणलीस तू.’

तिनं पिशवीकडे पाहिलं. ‘म्या माझ्याच हातानं मोडली का वो ताई, आईला?’

मी नाही म्हणाले नाही. सासरे म्हणाले, ‘बाई, नाजूक सामान बराबर आणावं लागतं.’ माझं दुकान वाचलं.

तेरवीला पाटावर आईचं लुगडं घडी करून ठेवलं, त्यावर हार घातला, असं कानावर आलं.

पुढं त्या दुकानावर माझ्या नावाची पाटी लागली. तिची मला लाज नाही. बाईनं कंप्युटरला हात लावू नये म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून मी धंदा केला, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी दुकान सोडणार नाही. पण मशीनमध्ये अडकली, एवढं म्हणून भागलं नसतं का? भागलं असतं. मी शोभाच्या पिशवीवर घातलं, कारण ही उलटून बोलणार नाही, हे मला दिसत होतं. गल्लीसमोर वाकले नाही म्हणून मिरवते ना? त्या दिवशी वाकवलं ते तिला.

काही वर्षांनी ती दिराच्या लग्नाची सीडी न्यायला आली, जावेला घेऊन. मी डबी पुढं केली तशी ती मागं सरकली.

‘हिच्याजवळ द्या, ताई. माझ्या हातात नका देऊ.’

मी जावेच्या हातात दिली.