डावा पाय बाहेरचा

आधी उजव्या पायाबद्दल लिहितो. ज्यांचा राग आहे त्यांचं मग.

उजवा पाय म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीतल्या आमच्या वेल्डिंगच्या दुकानातला माझा जोडीदार. हायवेच्या कठड्याचं काम आहे म्हणून एका ठेकेदाराने मला सिंधुदुर्गातून इथे आणलं आणि काम अर्धं टाकून तो गायब झाला. तेव्हा याने मला दुकानात उभं केलं आणि घरी नेऊन आईच्या हातचं जेवायला घातलं. मी आठवीत शाळा सोडलेली. परक्या मुलखात कोणी नुसता आवाज चढवला तरी मी दोन पावलं मागे सरतो. तो म्हणायचा, "भेतं काऊन बे? मी आहो ना."

दुपारी जेवताना आम्ही त्याच्या मोबाइलवर एक जपानी कार्टून बघायचो, हिंदीत बोलणारं. पाच मित्र, पाच यंत्रं, आणि ती एकमेकांना जोडली की घरांपेक्षा उंच रोबो. पण पाचही जणांचं जमल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही, आणि त्यांचं कधी जमत नाही. समोर राक्षस पूल मोडतोय आणि डावा पाय चालवणारा म्हणतो, मी जेवलो नाही अजून. उजवा पाय त्याला शिव्या घालतो आणि स्वतःचा डबा पुढे सरकवतो. आम्ही हसून हसून ठसका लागेपर्यंत बघायचो. दुकानात आमची नावंच डावा आणि उजवा पडली.

गणपती मंडळाच्या मिरवणुकीत असा रोबो काढायचा, ही कल्पना उजव्याची. लहानपणापासून तो त्या मंडळात ढोल वाजवत आलेला. धड आम्ही चाकांच्या सांगाड्यावर बसवलं, दोघं जण मागून ढकलणार. पाय मात्र खरोखर चालणारे. पातळ पत्र्याच्या नळकांड्यात एकेक माणूस उभा, एकाने उचलला की दुसऱ्याने रोवायचा. पायांत आम्ही दोघं, दोघांकडे माइक. दुकान बंद झालं की सराव, आणि बघायला अर्धी गल्ली.

मी माझ्या कोकणी हेलात वऱ्हाडी बोलायचो, "थांब बे, मले शेगावची कचोरी पायजे."

"राक्षस समोर उभा आहे ना भुक्कड."

"मंग त्याच्यासाठी बी एक घे."

लोक हसायचे. इथे आल्यापासून मला पहिल्यांदाच कोणाची भीती वाटत नव्हती. त्या पायात उभं राहून गावातून चालायचं, एवढंच मला हवं होतं.

विसर्जनाच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष आले. पांढरा कडक शर्ट, मागे पुतण्या. त्यांनी रोबोभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "डाव्या पायात कोण आहे?"

"हा," उजवा म्हणाला.

"हा त कोकणातला. आपल्या गावात पोट्टे नाहीत काय? उद्या काही झालं त हा पळून जाईन, त्याच्या ठेकेदारावानी."

मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे न बघता ते बोलत होते, जसं दुकानातल्या ड्रिल मशीनबद्दल बोलावं. ठेकेदार पळाला तो मला टाकून पळाला. त्याचा कलंक माझ्या कपाळी का? पत्रा कापताना, जोडताना माझे हात बाहेरचे नव्हते. पायात उभं राहताना लगेच बाहेरचे झाले. आणि ज्या कार्टूनवरून हे सगळं केलं त्याचा एक भाग तरी या गृहस्थांनी पाहिला होता का? मैत्रीचा देखावा काढायचा, आणि त्यातून मित्रच वगळायचा.

उजवा शांतपणे पायातून बाहेर आला. "मंग माहा बी पाय दुसऱ्याले द्या."

"नाटकं नको करू बे. तुह्या बापापासून तुम्ही या मंडळात आहा."

"मले माहीत आहे, भाऊ," तो म्हणाला आणि चप्पल घालून माझ्यासोबत निघाला.

मिरवणूक आम्ही रस्त्याच्या कडेने पाहिली. एका पायात पुतण्या, दुसऱ्यात त्याचा मित्र. सराव शून्य. चौकात दोघांनी एकदमच पाय उचलले आणि रोबो सांगाड्यावर लोंबकळला. पुढे मिरवणूकभर त्याला तसंच ढकलत नेलं, दोन्ही पाय डांबरावर खरडत, माइकवर एक विनोद नाही, छातीवर अध्यक्षांचा हात जोडलेला फ्लेक्स. आमच्या पत्र्याच्या पायांना घासून भोकं पडली. त्यांना फ्लेक्स सरळ दिसतोय एवढं पुरे होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, याचाही मला राग आहे.

त्यानंतर मंडळाने उजव्याला बोलावणं बंद केलं. नवरात्रात आरतीला गेला तर कोणी ताट त्याच्या हाती देत नाही. ढोल दुसऱ्याकडे गेला. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं, मी जातो इथून. तर म्हणतो, "तू गेला त मी एका पायावर काय लंगडी खेळू?" तो हसला. मला हसता आलं नाही. तो ढोल त्याला किती प्रिय होता, मला माहीत आहे.

हे मी फेडणार आहे. कधी ते सांगता येत नाही, पण एक दिवस त्याला माझ्या गावी नेईन. आमच्या मिरवणुकीत ढोल त्याच्या गळ्यात मी स्वतः अडकवीन. हा कुठला, असं कोणी विचारलंच, तर या खेपेला मी गप्प उभा राहणार नाही.