पाणी आलं

लेकीला जहाजावर नोकरी लागली आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं. सोलापूरची पोरगी, विहिरीत उतरतानासुद्धा बिचकणारी, ती समुद्रावर इंजिनची कामं करणार म्हणे! मी नन्नाचा पाढा लावला. ती म्हणायची, "तुझ्या मनाविरुद्ध नाही जाणार, मम्मी. पण एकदा हो म्हण की." मी कशाला हो म्हणतेय!

शेवटी तीच मला जहाजांच्या फिरत्या संग्रहालयात घेऊन गेली. मैदानावर मोठा मांडव, बाहेर जहाजाचं चित्र. "जहाज किती मजबूत असतं, बघ तरी," म्हणाली. आत गेल्यावर कळलं, ते सगळं बुडालेल्या जहाजांचं! आ बैल मुझे मार. पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं, आणि मला, खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटलं. म्हटलं, "बघ, बघ. नीट बघून घे."

मे महिन्यातली दुपार होती. निम्मं गाव नुसतं एसीसाठी आलेलं. पण जसजसं आत जाऊ तसतशी गर्दी गप्प होत गेली. एका काचेच्या पेटीत बुटांची जोडी होती. समुद्राच्या तळाशी तशीच शेजारी शेजारी सापडलेली. माणसाचं हाड नाही, काही नाही. नाड्या मात्र बांधलेल्या. काढून ठेवलेल्या बुटांच्या नाड्या कोण बांधतं? म्हणजे पाय आत होते.

सगळ्यात शेवटी जहाजातल्यासारखी एक पत्र्याची खोली केली होती. आम्हा पाच-सात जणांना आत घेऊन दार लावलं आणि दिवा घालवला. मिट्ट काळोख. आधी काहीच नाही. मग लांब कुठंतरी बारीक धार लागल्याचा आवाज, मग खळखळ.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. तो आवाज मी झोपेतही ओळखते आणि आधी लेकीला हलवायचे. तोंडातून निघूनच गेलं, "पाणी आलं गं! ऊठ, पाणी आलं!"

सगळे खो खो हसले. अंधारात एक बाई म्हणाली, "कुटं आलं? आमच्या पेठेत तर परवा हाय की!" पुन्हा हशा. पाणी मात्र थांबलं नाही. आवाज वाढत गेला, भिंतीतून, मग पायाखालून यायला लागला, आणि एकेक जण हसायचा थांबला. आपण काय ओरडलो ते मला तेव्हा कळलं. त्या बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांनीही हेच ओरडून एकमेकांना उठवलं असणार.

"अव्वा."

माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं. अगदी लहान पोराचा आवाज. माझी लेक मला मम्मी म्हणते. अव्वा म्हणायची ती बोबडी बोलायची तेव्हा, अक्कलकोटला आजोळी; तिथं आईला कानडीत अव्वाच म्हणतात. शाळेत गेल्यावर ते सुटलं. मग एक गारठलेला हात माझ्या मनगटाला लागला, आणि तो तिचाच आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

"अव्वा, मला लई भीती वाटतीय. तू नाहीच म्हण. तू नाही म्हणत राहिलीस तर मला जावं लागणार नाही."

अगं बाई! म्हणजे इतके दिवस ही माझ्या नकाराच्या आडोशाला उभी राहून माझ्याशी भांडत होती. मला फक्त नाही म्हणायचं होतं. रोजच तर म्हणत होते. शब्द जिभेवर तयार होता.

"जायचं," माझ्या तोंडून आलं. "भीती वाटली तरी जायचं. माझं हो आहे."

तो आवाज मला माझा वाटलाच नाही. कोण बोललं ते अजून कळलेलं नाही. दिवा लागला तेव्हा तिनं हात सोडला होता, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती.

आता ती समुद्रावर आहे. रेंज जाते, फोन लागत नाही, मग कधीतरी लागतो. या खेपेला बरेच दिवस लागलेला नाही. नाही म्हटलं असतं तर आत्ता ती शेजारच्या खोलीत पंख्याखाली झोपलेली असती, माझ्यावर वरवर चिडून.