ब्रेकमधली हवा

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण गाडीच्या ब्रेकमधली हवा कशी काढतात ते मला ठाऊक आहे. आमचे हे हुबळीच्या एका गॅरेजात चाळीस वर्षं मिस्त्री होते. धारवाडात, मळमड्डीतल्या आमच्या अंगणात आमची स्वतःची एक जुनी गाडी होती. तिचं काम आम्ही दोघंच करायचो.

पेडल दाबल्यावर पाय मऊ आत गेला की नळीत हवा शिरली समजायचं. मग मी वर बसून पेडल दाबून धरायची आणि हे चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करायचे. बुडबुड्यांसकट तेल बाटलीत यायचं. निपल परत आवळलं की मगच पाय उचलायचा. आधी सगळ्यात लांबचं चाक, शेवटी ड्रायव्हरजवळचं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण यांचे उस्ताद कन्नड, म्हणून हुकूम कन्नडात. ‘ओत्तु’ म्हटलं की दाबायचं, ‘हिडी’ म्हटलं की धरून ठेवायचं, ‘बिडु’ म्हटल्यावर सोडायचं. त्याआधी पाय सुटला की खालून ओरडा यायचा, “चूल फुंकायला बसलीयस का? परत हवा घातलीस!”

दोन वर्षांपूर्वी यांची आठवण जायला लागली. एकदा मलाच म्हणाले, “बसा अक्का, मालक येतीलच.” मी बसले. काय करणार? पण पाना हातात दिला की सगळं बरोबर. दर रविवारी ब्रेक काढून बसायचे. हवा नसली तरी काढायचे.

मुलगा म्हणाला, “आई, गाडी विकू. अप्पांचा भरवसा नाही.”

“हात चालतात तोवर तुझे अप्पा शाबूत आहेत,” मी म्हटलं. “गेटच्या बाहेर नेणार नाहीत, ते मी बघते.”

त्या रविवारी शेवटचं चाक राहिलं होतं. ‘ओत्तु’ झालं, ‘हिडी’ झालं. मी पेडल धरून बसले. ‘बिडु’ काही येईना. पाय भरून आला. वाकून बघते तर हे हौदावर हात धूत होते.

“झालं का हो?”

“झालं की.”

मी पाय उचलला. खाली उतरून निपल बघायला हवं होतं. नाही बघितलं. मला बघायचंच नव्हतं, हे खरं.

सोमवारी सकाळी यांनी गाडी अंगणात पुढं-मागं करायला चावी मागितली. मी रोज द्यायची, तशी दिली. गाडी गेटपाशी थांबली नाही. गेट मोडून, रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर गेली. यांना खरचटलंही नाही. भिंतीजवळ, गाडीपासून दोन हातांवर शाळेची एक पोरगी सायकल धरून उभी होती. तिला रडूही येत नव्हतं. मी तांब्या तिच्या तोंडाशी धरून पाणी पाजलं.

मग मी त्या शेवटच्या चाकाशी जाऊन बसले. निपल उघडंच होतं. अंगणात रात्रभर गळलेल्या तेलाचा डाग.

मुलाला मीच फोन केला. “गाडी घेऊन जा.”

“अप्पांनी काय केलं?”

“अप्पांनी नाही. मी केलं.”

दुपारी गाडी ओढून नेली. हे कट्ट्यावर बसून बघत होते.

“कुणाची गं?”

“गिऱ्हाइकाची.”

“ब्रेक मी बघितलेत म्हणावं. बिनधास्त चालवा.”

“सांगितलं.”

“आता पुढची आण.”

“आज एवढीच होती.”

दुसऱ्या दिवशीही विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मी तेच सांगितलं. मग विचारायचं थांबले. महिन्याभरात यांच्या नखांतला काळा मळ निघून गेला. चाळीस वर्षं मी घासत होते, कधी निघाला नव्हता.