पप्पांचा रविवार

मुलांच्या कोचिंगसाठी लातुरात खोली घेऊन राहिलेल्या आम्ही चौघी आया संध्याकाळी ओट्यावर बसतो. प्रत्येकीकडे नवऱ्याचे किस्से. माझा घटस्फोट झाला, तेव्हा वाटलं होतं, आपला साठा संपला. उलट वाढला!

अट एकच होती. त्यानं दर रविवारी कंधारहून लेकीला भेटायला यावं, पण पिऊन नाही. म्हणून मी दारातच त्याचं तोंड हुंगायची. तो आ करून उभा, मी टाचा उंचावलेल्या. एकदा घरमालकीणबाईंनी जिन्यातून पाहिलं आणि हळूच विचारलं, "जुळलं का ओ पुन्हा?"

* * *

आठवडाभर डबा, क्लास, झेरॉक्स, तापातलं जागरण, सगळं माझ्याकडं. तो रविवारी येणार, गाड्यावरची भजी आणणार आणि सायली पोट धरून हसणार. माझा नुसता जळफळाट. एका बुधवारी मीही त्याच गाड्यावरून भजी आणली. सायलीनं दोन खाल्ली आणि म्हणते, "पप्पा आणतेत ती लई कुरकुरीत असतेत."

* * *

एका रविवारी वास आला. त्याला दारातूनच परत पाठवलं आणि सायलीला सांगितलं, बस बंद पडली, अहमदपूरला अडकलेत. वाटलं, रुसेल त्याच्यावर. तर पोरगी हळहळली, बिचारे जेवले तरी असतील का म्हणाली. सकाळपासून मीही उपाशी होते. मला कुणी विचारलं नाही.

* * *

निकालाच्या आदल्या दिवशी तो एकदाचा तयार झाला. दीर आणि मी त्याला नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आलो. तिथं फोन ठेवू देत नाहीत, म्हणून त्याचा फोन माझ्या पर्समध्ये आला. सायलीला निकालानंतर सांगायचं ठरवलं आणि फोनचा आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. मेडिकलला नंबर लागेल इतके मार्क! मी तिला जवळ घ्यायला पुढं झाले, तर ती पप्पांना सांगते म्हणत गच्चीवर पळाली. इतकी वर्षं राबले मी आणि पहिला फोन त्याला. अंगाची आग झाली.

इकडं पर्समध्ये त्याचा फोन थरथरायला लागला. थांबायचा, पुन्हा थरथरायचा. मी तो हातात धरून बसले, उचलला नाही.

बऱ्याच वेळानं ती खाली आली. तोंड धुतलेलं, हसरं. मी विचारलं, "काय म्हणाले पप्पा?"

"लई खूश झाले. म्हणाले, आधी आईच्या पाया पड. समदं तिनंच केलंय."