ओमाच्या नकाशावरच्या पाच फुल्या

आम्स्टरडॅमला मी आठवड्यातून तीनदा जाते. हेगजवळच्या रायस्वाइकहून ट्रेन, झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या काचेच्या इमारती, लॅपटॉप, मीटिंगा, परत ट्रेन. सात वर्षं झाली, पण शहर किती पाहिलंस असं कुणी विचारलं तर माझी पंचाईत होते. पुण्याहून पाहुणे आले की कालव्यातली बोट आणि चीजची दुकानं, की झालं आमचं शहरदर्शन. त्यामुळे मे महिन्यातल्या एका शनिवारी मी या शहराचा कृष्णवर्णीय वारसा पायी बघत पाच तास हिंडले, हे ऐकून ऑफिसातले लोक चकित झाले. खरं सांगायचं तर मी हौसेने गेले नव्हते. मला माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने नेलं होतं, आणि तेसुद्धा माझ्याशी अबोला धरून.

अबोल्याचं कारण आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

त्या शनिवारच्या दोन आठवडे आधी इथे पहिलं कडक ऊन पडलं. इरा आणि तिची जिवलग मैत्रीण नाओमी आमच्या मागच्या छोट्या बागेत पाण्याचा पाइप घेऊन धिंगाणा घालत होत्या. नाओमीचे आजी-आजोबा सुरिनामहून आलेले, आफ्रिकन वंशाचे. ती आमच्याकडे पहिलीपासून येते, साबुदाण्याची खिचडी इराहून जास्त खाते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, कणीक मळता मळता, नेहमीच्या सुरात ओरडले, "इरा, टोपी घाल गं, काळीठिक्कर पडशील!"

मराठी आहे, कुणाला कळणार आहे इथे? आपल्या सगळ्यांचा हा लाडका गैरसमज. नाओमीने इराला विचारलं, आई काय म्हणाली? इराला खोटं बोलता येत नाही. तिने डचमध्ये शब्दन् शब्द सांगितलं. नाओमीने पाइप खाली ठेवला, आत आली, दाराशी काढलेले बूट पायात अडकवले आणि लेस न बांधता घरी गेली.

"तू तिला सॉरी म्हण," इरा म्हणाली.

"अगं, मी तिला कुठे काय म्हटलं? तुला म्हटलं! आणि प्रेमाने म्हटलं!"

माझं हे उत्तर मूळ वाक्याहून वाईट होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. इराला कळलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही इंग्रजीत. नाओमी आलीच नाही.

आता नकाशाकडे वळते. दोघींना वर्गात मिळून एक भाषण द्यायचं होतं, आम्स्टरडॅममधल्या काळ्या लोकांच्या इतिहासावर. त्यासाठी नाओमीच्या ओमाने, म्हणजे आजीने, शहराच्या छापील नकाशावर निळ्या पेनाने पाच फुल्या मारून दिल्या होत्या. तिघी मिळून जाणार होत्या. ते बारगळलं, पण नकाशा इराच्या दप्तरातच राहिला होता. भाषण मंगळवारवर आलं होतं आणि नाओमी त्यासाठी इराबरोबर बसायला तयार नव्हती. शाळेत नाओमीने बाईंना विचारलं होतं, मी दुसऱ्या कुणाबरोबर करू का? हे मला इराने नाही, बाईंच्या ईमेलने सांगितलं. 

शुक्रवारी इराने जाहीर केलं, "मी उद्या जाणार आहे. मोठं माणूस लागतं, म्हणून तू ये."

तर निघालो. हेगला गाडी बदलून तासाभरात आम्स्टरडॅम सेंट्रल. मुलांचं रेल्वेचं तिकीट अगदी किरकोळ पडतं, ते आधी ॲपवर काढून ठेवा. डबा नेलात तर उत्तम, सेंट्रलच्या आसपास सँडविचच्या किमती बघूनच पोट भरतं. पायात चालायचे बूट हवेतच. सेंट्रलच्या आधीचं स्लोटरडाइक स्टेशन येईपर्यंत इरा खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्या मानेकडे.

पहिली फुली स्टेशनपासून दहा मिनिटांवर, हेरेनमार्क्ट नावाच्या चिमुकल्या चौकात. अमेरिका आणि आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या जुन्या डच कंपनीची ही कचेरी. साखर, तंबाखू आणि माणसं, सगळ्यांचा हिशेब इथे बसून होत असे. आतल्या अंगणात शनिवारी कुठल्याशा समारंभासाठी पांढऱ्या खुर्च्या मांडत होते. ऊन छान पडलं होतं, कबुतरं फिरत होती. इराने वही उघडली आणि माझ्याकडे न बघता डचमध्ये मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझ्याशी बोलायचं नव्हतं, पण भाषणाचा सराव करायला कुणाची बंदी नव्हती. मग दिवसभर ते असंच चाललं. ती हवेला उद्देशून वाचायची, मी हवेच्या शेजारी उभी राहून ऐकायची.

दुसरी फुली एका जुन्या औषधाच्या दुकानावरचं लाकडी मुंडकं होती, डोक्याला फेटा, तोंडाचा आ वासलेला. पूर्वी औषधाच्या दुकानाची ही खूण असे, बरेचदा काळ्या माणसाचा चेहरा. आम्ही शोधण्यात अर्धा तास घालवला, कारण आम्ही दारं बघत होतो आणि ते होतं वर. म्हणून ही सूचना: या शहरात मान वर करून चाला, पण सायकलींच्या रस्त्यावर नाही. मला एका आजीबाईंनी घंटा वाजवून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिथून कालव्याच्या कडेने तिसऱ्या फुलीपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं लागतात. हा टप्पा मात्र सोडू नका. एकाला एक लागून उभी घरं, उंच खिडक्या, पाण्यात हलणाऱ्या झाडांच्या सावल्या. हेरेनग्राख्ट कालव्यावरच्या एका श्रीमंत घराच्या दाराशी दोन दगडी चेहरे आहेत, एक काळा पुरुष, एक काळी स्त्री. घराची शोभा म्हणून कोरलेले. मालकाचा पैसा कुठून आला हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं, असं ओमाने समासात लिहिलं होतं.

दारातून एक गृहस्थ सायकलचं कुलूप हातात घेऊन बाहेर आले. इराने त्यांना विचारलं, "यांची नावं माहीत आहेत का तुम्हाला?"

"कुणाची?"

तिने बोट दाखवलं. ते वळून बघत राहिले. "मी इथे बारा वर्षं काम करतो," ते म्हणाले, "मला वाटायचं सिंह आहेत."

ते ओशाळं हसून निघून गेले. मी मात्र हसू शकले नाही. मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला भलतंच आठवत होतं. पुण्यातल्या वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म. नाव, शिक्षण, उंची, आणि मग 'वर्ण'. पर्याय होते चार: गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा. मी सावळी, यात शंका घ्यायला जागा नव्हती. पण बाबांनी पेन हातात धरून बराच वेळ विचार केला आणि 'निमगोरा'वर खूण केली. आई म्हणाली, "फोटो जरा उजेडात काढलेला देऊ." मी शेजारी बसून चहा पीत होते. इंजिनिअर झालेली, नोकरी करणारी बाई, आणि माझ्या रंगाची दुरुस्ती चालली होती. मला तेव्हा वाईट वाटलं होतं का? वाटलं होतं. खूप वाटलं होतं. ते मी गिळून टाकलं, आणि वीस वर्षांनी तेच माझ्या मुलीवर खिडकीतून ओरडले.

"आई? चल ना," इरा म्हणाली. मराठीत. चुकून निघालं असावं. मी लगेच चालू लागले, न जाणो परत घेतलं तर.

चौथी फुली योडनब्रेस्ट्राट या रस्त्याच्या पुलाजवळ. या भागात जुन्या काळी गुलाम नसलेल्या काळ्या लोकांची छोटी वस्ती होती. खलाशी, नोकर, बायका, पुष्कळ जण तळघरांत भाड्याने राहणारे. शहरात गुलामगिरीला कायद्याची मान्यता नव्हती, जहाजांवर मात्र ती राजरोस होती. इरा वाचत होती की हे लोक एकमेकांच्या लग्नांना साक्षीदार म्हणून जात, एकमेकांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला उभे राहत. परक्या गावात आपली चार माणसं धरून राहत. मला आमचा रायस्वाइकचा गणपती आठवला, शाळेच्या हॉलमधला. तुलना बरोबर नाही, मी व्हिसा घेऊन विमानाने आले. पण तळघराच्या त्या बुटक्या खिडक्या बघताना पहिल्यांदाच मला हे शहर कुणाचं तरी राहतं घर वाटलं.

भूक लागली होती. वॉटरलूप्लाइन चौकाच्या बाजूला एका सुरिनामी टपरीवर 'बारा' मिळाला. उडदाच्या डाळीचा, मध्ये भोक, वर सांबल, म्हणजे मिरचीची तिखटजाळ चटणी. तीनेक युरोंना एक, पण दोघींत पुरतो.

"हा वडाच आहे," इरा तोंड भरून म्हणाली. "नाओमीच्या घरी याहून भारी असतो." आणि उरलेला तुकडा माझ्याकडे सरकवला.

पाचवी फुली ओस्टरपार्कात. ट्राम आहे, पण आम्ही चालत गेलो, अर्धा तास. तळ्याकाठी गुलामगिरीचं राष्ट्रीय स्मारक आहे. मागे साखळ्यांत बांधलेली, वाकून चालणारी माणसं. मध्ये एक कमान. पुढे हात पसरून आभाळाकडे झेपावणारी एक आकृती. पायाशी कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. शेजारच्या हिरवळीवर लोक पहुडले होते, ऊन खात. इथले लोक उन्हाला घाबरत नाहीत, उन्हासाठी रजा घेतात.

इरा फुलांजवळ उभी होती. वही मिटलेली. मग म्हणाली, "तू सॉरी कधी म्हणणार आहेस?"

"आज," मी म्हटलं. "घरी जाण्याआधी."

परतीच्या गाडीत मी डचमधली वाक्यं फोनवर लिहून पाठ केली. नाओमीचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पुढे. दार ओमाने उघडलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर. नाओमी मागे जिन्यावर बसली होती. पाठ केलेलं सगळं मी विसरले. जमेल तसं बोलले, की मी जे म्हटलं ते वाईट होतं. तुला ऐकू गेलं म्हणून नव्हे, ते मुळातच वाईट होतं. माझ्या घरच्यांनी ते मला म्हटलं, मी इराला म्हटलं, आणि ते तुला लागलं. मला माफ कर.

"ओके," नाओमी म्हणाली आणि वर निघून गेली.

ओमा माझ्याकडे बघत होत्या. "सुरिनामला, पारामारिबोत, आमच्या शेजारी हिंदुस्तानी कुटुंब होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिथली मावशी आपल्या मुलीला हेच ओरडायची. उन्हात जाऊ नकोस, काळी होशील. आम्ही तिच्याच अंगणात खेळत असायचो."

"मग?"

"मग आम्ही आमच्या अंगणात खेळायला लागलो."

त्यांनी इराच्या गालावर हात फिरवला, नकाशा उपयोगी पडला का विचारलं, आणि दार लावलं. घरी येईस्तोवर माझे डोळे वाहत होते. इराने माझा हात धरला होता, पण मला त्याने बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी अकराला पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला, दर रविवारी येतो तसा. इरा स्क्रीनसमोर बसून शनिवारची भटकंती सांगू लागली.

"अगंबाई, केवढं हिंडलात उन्हात! पोर पार काळवंडली की गं!"

इराने आजीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

नाओमीची माफी मागणं त्या मानाने सोपं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. आईला उलट बोलणं मला या वयातही जमत नाही.  "आई," मी म्हटलं, "हे आता आमच्या घरात म्हणायचं नाही."

"अगं, मी काय म्हटलं? प्रेमानेच म्हटलं ना!"

"मीही प्रेमानेच म्हटलं होतं. तिची मैत्रीण गेली त्याने. आणि तुम्ही फॉर्मवर निमगोरी लिहिलंत ना, तेव्हा मलाही लागलं होतं. मी बोलले नाही इतकंच."

 आई दूधवाला आलाय म्हणाली आणि फोन ठेवला. पुण्यात, दुपारी अडीच वाजता दूधवाला.

सोमवारी शाळा सुटल्यावर बेल वाजली. नाओमी. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"नकाशा हवाय," ती म्हणाली. मग, "इरा म्हणाली तू तुझ्या आईला रागावलीस. खरं?" इथे मुलं मोठ्यांना बिनधास्त 'तू' म्हणतात.

"रागावले नाही. सांगितलं."

"मग ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. रोज सकाळी मला फुलांचा फोटो पाठवते, आज आला नाही."

नाओमीने याचा विचार केला. आतून इरा धावत येऊन माझ्या मागे थांबली होती.

मग नाओमी खाली वाकली. लेस सोडली, एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही इराच्या बुटांशेजारी ठेवले.

"बाहेर ऊन आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आम्ही बागेत बसून तयारी करू?"

"बसा की," मी म्हटलं. "ऊन आहे तोवर बसा."