शिवराम म्हसकरांची रिव्हॉल्व्हर

सोनिवलीत शिवराम म्हसकरांचं घर विचारलं की लोक आधी उलट विचारतात, "कुठले म्हसकर? रिव्हॉल्व्हरवाले?" गावात म्हसकरांची घरं सात-आठ. त्यांत एक मास्तर आहे, एक माजी सरपंच आहे. पण नाव झालं ते या एकाचंच, आणि तेही कमरेला लटकणाऱ्या पाऊण किलो लोखंडामुळे. शिवरामला हे पक्कं ठाऊक होतं आणि मनापासून आवडतही होतं. लग्नाच्या पंगतीत बसताना त्याचा शर्ट बरोबर उजव्या बाजूनेच वर सरकायचा, तो काय आपोआप सरकत नव्हता.

उल्हासनगरात जेठानंद शेठचं सोन्याचांदीचं दुकान. तिथे दारात उभं राहायचं, संध्याकाळी शेठला गाडीतून घरापर्यंत सोडायचं आणि अलीकडे शेठची नात इरा हिला शाळेतून आणायचं, एवढं त्याचं काम. बावीस वर्षं तो हेच करत होता. परवान्यासाठी शेठने शिफारस दिली, शिवरामने कचेऱ्यांत चपला झिजवल्या, आणि परवाना हातात आला तेव्हा रिव्हॉल्व्हरसाठी त्याची बायको गंगू हिने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. "बाईमाणसाचा हात उघडा राहिला तर चालंल, तुमची कंबर नको," असं ती बोलली होती. पाटल्या परत करीन असं शिवराम तेव्हा बोलला, आणि पुढेही बरेचदा बोलला.

अशी ही पहिली आणि एकुलती एक रिव्हॉल्व्हर विकायची वेळ आली ती मणक्यामुळे. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत बधिर व्हायचा. अंबरनाथच्या डॉक्टरने मणक्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "काका, कमरेला एकाच बाजूला काय लावता रोज?" शिवरामने छाती काढून सांगितलं. डॉक्टरवर काही छाप पडली नाही. "ते काढा नाहीतर नोकरी सोडा," एवढंच बोलून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुकानाचं आता सगळं शेठचा मुलगा जितेश बघतो. त्याने मार्ग काढला. "काका, आजकल हलकी आती है. हिच्या निम्मी पण नाय वजनाला. ही देऊन टाका, ती घ्या. परवानगीचं मी बघतो."

चार दिवस शिवरामने ते टाळलं. गंगू तर सरळ रडली. तिने त्या हत्याराला घरातलं माणूसच मानलं होतं. शेवटी त्याने मन घट्ट केलं, निदान किंमत तरी कळू दे म्हणून परवान्याचं पुस्तक खिशात घातलं आणि तो बबन मिस्त्रीच्या दुकानात गेला. बबन मिस्त्री हत्यारांची दुरुस्ती आणि खरेदी-विक्री करणारा परवानाधारक माणूस, वयाने साठीचा आणि बोलायला कंजूस.

शिवरामने गोळ्या काढून रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवली. काय चमकत होती! रोज सकाळी जुन्या लुगड्याच्या तुकड्याने तो ती पुसायचा. मिस्त्रीने उचलली, भिंतीकडे रोखली आणि घोडा दाबला. घोडा हललाच नाही. त्याने पुन्हा दाबला. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून त्याने विचारलं, "शेवटची कधी चालवली?"

"चालवायची वेळच नाय आली," शिवराम अभिमानाने बोलला. "नुसता हात घातला की माणूस पळतो."

"आणि रिकामी दाबून?"

"रिकामी दाबायची नाय, आतली पिन तुटते, असं घेताना बजावलं होतं. मी कधी बोट पण लावलं नाय."

मिस्त्रीने बाजूची पट्टी खोलली आणि शिवरामला जवळ बोलावलं. आत लालसर काळा चिकट गोळा होता, घट्ट झालेला. मिस्त्रीने चिमट्याने तो कुरतडला, तेव्हा त्यातून एक तांदळाचा दाणा निघाला. मग दुसरा. मग झेंडूच्या पाकळीचा वाळलेला तुकडा.

"पूजा करता वाटतं?"

शिवरामच्या कानशिलातून वाफा निघाल्या. करत होता की! दर खंडेनवमीला पाटावर लाल कापड, त्यावर कोयता, विळा, मुलाची ड्रिल मशीन आणि सगळ्यांच्या मधोमध ही. गंगू हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची. आणि हत्याराला तेल पाहिजेच, असं बोलून शिवराम स्वतः वरून खोबरेलाची धार धरायचा, सढळ हाताने. बावीस खंडेनवम्या. तेल वरून आत जायचं आणि सोबत कुंकू, तांदूळ, जे असेल ते घेऊन जायचं. बाहेरून तो पुसायचा. आत काय साचतंय हे बघायचं त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही.

"किती वर्षांपासून असेल असं?" त्याने विचारलं.

"दहा-बारा तरी. या काळात तुम्ही हिच्यापेक्षा काठी घेऊन उभे राहिला असता तर बरं झालं असतं." मिस्त्रीने हे चिडवायला म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

शिवरामने मनातल्या मनात वर्षं मोजली. दहा-बारा. आणि ती गोष्ट सहा वर्षांपूर्वीची.

ती गोष्ट म्हणजे त्याच्या आयुष्याचं भांडवल. दुपारची वेळ, दुकानासमोर मोटरसायकल थांबली, तोंडाला रुमाल बांधलेले दोघे उतरले. एकाच्या हातात कोयता. दारात जितेशची बायको, तिच्या कडेवर दोन वर्षांची इरा. शिवराम मध्ये आला, कमरेला हात घालून रिव्हॉल्व्हर अर्धी वर काढली, आणि दोघे आल्या पावली पळाले. त्यानंतर शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, नगरसेवकाबरोबर फोटो निघाला. जेठानंद शेठ अजून गिऱ्हाइकाला चहा पाजताना ही गोष्ट सांगतो, आणि शिवराम दारात उभ्या उभ्या ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

"अर्ध्या दिवसात साफ करून देतो," मिस्त्री म्हणाला. "कोणाला कळायचं कारण नाही. मग हिचे पैसे पण बरे येतील, त्यात हलकी बसवू."

कोणाला कळायचं कारण नाही. हे ऐकून शिवरामला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच त्याला लाज वाटली. सकाळपर्यंत ही रिव्हॉल्व्हर विकायचा विचारही त्याला नको होता. आता तर ती कधी एकदा नजरेआड होते असं त्याला झालं होतं. पावती घेऊन, रिकाम्या कमरेने, तो घरी आला.

गंगू ओट्यावर भाजी निवडत होती. "दिलीत का?" तिने विचारलं. नुसतं विचारलं, त्यात वाईट काही नव्हतं. पण शिवरामचं डोकं फिरलं.

"तू आणि तुझं कुंकू!" तो ओरडला. "सत्यानाश केलास हत्याराचा! आत सगळा चिखल झालाय. दहा वर्षं मी मेलेलं लोखंड घेऊन फिरतोय, तुझ्यामुळं!"

सून स्वप्नाली आतून बाहेर आली. शेजारची बाई कुंपणापाशी थबकली. गंगूने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि उघडे हात पदरात घेतले. "मी तर नुसतं वरून लावायची हो," एवढंच ती पुटपुटली.

तेल कोणी ओतलं होतं ते तिला माहीत होतं. पण तिने ते तोंडातून काढलं नाही. चार माणसांत नवऱ्याला उघडं पाडायचं नाही म्हणून ती गप्प बसली आणि दोष पदरात घेतला. शिवराम आत जाऊन खाटेवर बसला. आपण काय केलं हे त्याला पुरतं कळत होतं, पण उठून तिच्यापाशी जायला पाय धजेनात. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते त्याला एकोणसाठाव्या वर्षी समजलं. जेवताना शेवटी तो ताटाकडे बघत बोलला, "तेल मीच ओतायचो." गंगू बोलली, "भात घ्या अजून." त्या घरात माफी एवढीच मागतात आणि एवढीच देतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात पोचला तेव्हा मिस्त्रीने रिव्हॉल्व्हर साफ करून ठेवली होती. "चालवून बघू," तो म्हणाला. मागच्या खोलीत चाचणीसाठी वाळूच्या गोण्या छताइतक्या रचलेल्या होत्या, मधल्या गोणीवर खडूने गोल काढला होता. "तुमचंच हत्यार आहे, तुम्हीच दाबा. तीन गोळ्या."

बावीस वर्षांत पहिल्यांदा शिवरामने घोड्यावर बोट ठेवलं. कानांत कापसाचे बोळे असूनही आवाज छातीत आदळला. वाळू उडाली, कुठली ते त्याला दिसलं नाही.

"डोळे मिटले होते तुम्ही," मिस्त्री म्हणाला. "होतं पहिल्यांदा. आता उघडे ठेवा."

दुसऱ्यांदा त्याने डोळे ताणून धरले. बोट दाबलं जायच्या आधीच ते मिटले. तिसऱ्यांदा त्याने दात आवळले, इराचं नाव घेतलं, ते दोघे रुमालवाले समोर आणले. आवाज झाला. डोळे उघडून बघतो तर त्याचं तोंड भिंतीकडे वळलेलं होतं. खडूचा गोल जसाच्या तसा होता. एक गोळी तर बाजूच्या रांगेतल्या गोणीत शिरली होती, माणूसभर अंतरावर.

त्याच अंतरावर त्या दिवशी इरा होती.

"हलकी घेतली तर जमेल?" त्याने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

"हलकी जास्त उसळते, काका," मिस्त्री म्हणाला. "वजन झटका खातं. सराव करावा लागेल, तोही आधी करायला हवा होता."

म्हणजे हळदीकुंकवाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तांदळाचे दाणे नसते आणि त्या दिवशी वेळ आली असती, तरी त्याने डोळे मिटून, तोंड फिरवूनच घोडा दाबला असता. मायलेकींना वाचवलं कोणी असेल तर चोरांच्या भित्रेपणाने. रिव्हॉल्व्हर मिस्त्रीकडेच ठेवून तो तडक उल्हासनगरला गेला. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. कोणी विचारलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. मिस्त्री बोलणाऱ्यातला नव्हता. गप्प राहिलं तर शाल-श्रीफळासकट सगळं जागच्या जागी राहणार होतं.

काचेच्या केबिनमध्ये जितेश मोबाइलवर भाव बघत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आठ वर्षांची इरा गृहपाठ करत होती. आज शिवराम नव्हता म्हणून तिला ड्रायव्हरने आणलं होतं. "काका, कुठे होता?" ती ओरडली. "तुमच्या डब्यातलं माझ्यासाठी ठेवलंय का?"

शिवराम बसला नाही. उभ्यानेच, हात पुढे बांधून त्याने सगळं सांगितलं. आत काय निघालं ते. दहा-बारा वर्षं ती चालतच नव्हती ते. जितेश आधी हसला. "अरे काका, क्या बात करते हो! चोराला कुठे माहीत होतं? नवीन घ्या, विषय खतम. पापांना नका सांगू फक्त."

"विषय संपला नाय, शेठ," शिवराम बोलला. "आज मी तीन गोळ्या मारल्या. तिन्ही वेळा डोळे मिटले. एक तर भलतीकडंच गेली. त्या दिवशी ती चालवायची वेळ आली असती ना, तर ..." त्याने नुसतं इराकडे बघितलं.

जितेशनेही बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो रागावला नाही, एक शब्द वाकडा बोलला नाही. फक्त हात लांब करून त्याने इराची खुर्ची टेबलाच्या त्या टोकावरून ओढून आपल्या बाजूला घेतली. आपण असं केलं हे बहुतेक त्याचं त्यालाही कळलं नसावं. इराची पेन्सिल खाली पडली. शिवराम सवयीने वाकला आणि मग मध्येच थांबला.

बावीस वर्षांत या घराने त्याला खूप दिलं होतं, पण इतकं खरं काही दिलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणावं? जीव लाजेने एवढा एवढासा झाला. पण बापाने जे करावं तेच जितेशने केलं, यात त्याला काही चूक दिसेना.

"नवी नको, शेठ," तो बोलला. "जुनी विकायचा अर्ज तेवढा भरून द्या. सही मी आत्ताच करतो."